पांदणीवर तापणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

आमच्या भागात ऑटोमॅटिक डिझेल पिकअप घेतली की लोक आधी वाकून ड्रायव्हरच्या पायाशी बघतात. "भाऊ, क्लच कुठी गेला?" वरूडच्या बाजारात हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी नुसता हसतो. क्लचचा पेडल नसला तरी त्याचं काम आत कोणीतरी करतंच, आणि ते करताना तापतं. मागच्या उन्हाळ्यात माझं सगळं भांडण त्या तापण्याशी होतं.

गाडी जुनीच घेतलेली, वॉरंटी कधीच संपलेली. डबल कॅबिन, फोर बाय फोर, सहा गिअरची ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या कामात सगळ्यांचं गणित सारखंच आहे. वाटणीत ट्रॅक्टर भावाकडे गेला आणि माझ्या वाट्याला गावापासून चारेक किलोमीटरवरची, सातपुड्याच्या अंगाला चढत जाणाऱ्या पांदणीवरची संत्र्याची बाग आली. वरूड-मोर्शीकडच्या पाण्याची गोष्ट सगळ्यांना माहीतच आहे. बोअर खोल खोल जात गेले आणि उपसा भरण्यापेक्षा जास्त झाला. मे महिन्यात आंबिया बहराची फळं अजून लहान असतात. पाण्याचा ताण पडला की गळ सुरू होते, आणि एकदा सुरू झाली की थांबवणं आपल्या हातात राहत नाही. म्हणून गावच्या वेल्डरकडून दोन चाकांची ट्रॉली करून घेतली, तिच्यावर हजार लिटरची टाकी चढवली आणि पिकअपला जोडली. पाणी एक टन आणि ट्रॉलीचं लोखंड वेगळं. डांबरी रस्त्यावर ही जोडी कधी काढली नाही. गावची विहीर ते बाग, सगळी पांदणच.

नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या त्या तापत्या नऊ दिवसांच्या तोंडावर, दुपारच्या खेपेला, चढ अर्धा झाला असताना पॅनेलवर गिअरबॉक्सच्या तेलाचा दिवा लागला. इंजिनाचा काटा मात्र जागच्या जागी होता. हे मुद्दाम सांगतो, कारण बरेच जण फक्त तो काटा बघतात आणि तो मध्यावर आहे म्हणजे सगळं ठीक समजतात. पुतण्या कॅन घेऊन धावला आणि बॉनेट उघडून पाणी टाकायच्या बेतात होता. त्याला हाकललं. ट्रॉलीच्या चाकाला दगड लावला, गाडी पार्कमध्ये टाकली आणि इंजिन चालूच ठेवलं, थोडी रेस देऊन. गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद केलं की तेलाचं फिरणं थांबतं आणि तापलेलं तेल आतल्या आत तसंच उकडत बसतं. चालू ठेवलं तर तेल कुलिंगमधून फिरतं, पुढचा पंखाही हवा ओढतो. दहा-बारा मिनिटांत दिवा विझला.

आता हे तापतं का, ते थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण पुढचा सगळा खर्च यावरच ठरला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. एका बंद डब्यात दोन पंखे समोरासमोर. इंजिनाकडचा पंखा तेल फेकतो, त्या माऱ्यानं गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. दोघांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी ताकद तेलातच घुसळून जाते आणि तिची उष्णता होते. हमरस्त्यावर वेग धरला की आतला लॉक-अप क्लच दोघांना एकमेकांत अडकवतो. मग फरकच उरत नाही आणि तेल निवांत राहतं. पण पांदणीवर दहा-पंधराच्या वेगानं, मागं टनभर पाणी घेऊन चढताना लॉक-अप लागतच नाही. इंजिन जोर करतं, चाकं हळू फिरतात आणि मधलं सगळं तेलाच्या अंगावर येतं. गाडी ब्रेकवर दाबून ॲक्सिलेटर पूर्ण द्यायची स्टॉल टेस्ट मिस्त्री लोक करतात, ती पाच सेकंदांच्या वर करू नका असं कंपन्यांच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं. माझी पांदण म्हणजे सौम्य प्रमाणात तीच टेस्ट, फक्त वीस मिनिटांची.

अमरावतीला ऑटोमॅटिकचं काम करणारा एक मिस्त्री आहे, त्याच्याकडे गाडी नेली. गिअरबॉक्सचं तेल गार करणारा कुलर लावून दे म्हणालो. तो म्हणाला, "भाऊ, कुलर तं मी उद्या लावून देतो. पण पयले तेल किती तापून रायलं ते तं पाहू." त्यानं ओबीडीच्या, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर तपासायच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथचा छोटा स्कॅनर खोचला आणि मोबाइलवर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान काढून दाखवलं. हा आकडा सगळ्या ॲपमध्ये आपोआप दिसत नाही. प्रत्येक गाडीचा त्यासाठीचा कोड वेगळा असतो आणि तो ॲपमध्ये भरावा लागतो. पॅनेलवरचा दिवा लागतो तो पार शेवटी. त्याच्या आधी काय चाललंय ते स्कॅनरशिवाय कळायला मार्ग नाही.

आकड्यांचा हिशोब त्याच्याकडूनच समजला. ऐंशी ते पंचाण्णव डिग्रीत तेल राहिलं तर काही बिघडत नाही. तिथून वर दर दहा-अकरा डिग्रीला तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. १२०च्या आसपास तेल जळकट होऊन आतल्या बारीक वाटांवर वार्निशसारखा थर धरायला लागतं. १३०च्या पुढं रबरी सील कडक होतात, आणि १५०कडे गेलं की गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटा घसरायला लागतात. मग घसरण्यानं आणखी ताप आणि तापण्यानं आणखी घसरण. गावी येऊन भरल्या टाकीनिशी तीच पांदण चढलो तर आकडा १२२ला गेला. बाहेर सावलीत ४५.

पैसे खर्च करायच्या आधी फुकटातली कामं केली. पहिलं म्हणजे पुढची जाळी. एसीचा कंडेन्सर आणि इंजिनाचा रेडिएटर यांच्यामध्ये दोन बोटांची फट असते, ती वरून दिसत नाही. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढून टॉर्च मारला तर आत सोयाबीनचं कुटार, कापसाचे तंतू, गवताचं बी आणि त्यावर ओली होऊन वाळलेली काळी माती असा चांगला जाड नमदा तयार झालेला. पावसाळ्याचा चिखल आणि मळणीचं कुटार, दोन्ही हंगाम तिथं मुक्कामाला होते. प्रेशर वॉशर मारायचा मोह आवरायचा, त्यानं पातळ पत्र्या आडव्या पडतात. बागेच्याच पाइपानं, हलक्या धारेनं, इंजिनाच्या बाजूनं पुढं असं धुतलं. पुढून मारलं तर कचरा आणखी आत बसतो. नंतर वाकलेल्या पत्र्या पुतण्यानं जुन्या टूथब्रशच्या दांड्यानं सरळ केल्या. पुढं लावलेले दोन मोठे दिवेही काढून टाकले. रात्री रुबाब दिसायचा खरा, पण दिवसभर ते हवेच्या तोंडावरच बसलेले होते. इंजिनाच्या पंख्याचा व्हिस्कस क्लच, म्हणजे पंख्याला इंजिनाशी जोडणारा भाग, हातानं फिरवून पाहिला. गरम इंजिन बंद करून फिरवला तर त्यानं अडायला पाहिजे, मोकळा गरगर फिरला तर आतलं सिलिकॉन गेलं समजायचं. तो ठीक होता. एवढ्यानंच चढावरचा आकडा आठ-नऊ डिग्री खाली आला.

दुसरं काम लो रेंजचं. फोर बाय फोर लो लावलं की गाडीचा वेग साधारण अडीच पट कमी होतो आणि चाकावरचा जोर तेवढाच वाढतो. म्हणजे इंजिन त्याच फेऱ्यांवर राहून चाकं सहज ओढतं, कन्व्हर्टरमधला फरक कमी होतो आणि तेल कमी घुसळतं. मऊ मातीवर हे निर्धास्त वापरायचं, पण डांबरावर किंवा कोरड्या सिमेंट रस्त्यावर नाही. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढची-मागची चाकं एकमेकांशी बांधली जातात, मऊ जमिनीत ती थोडी घसरून ताण सोडतात, कडक रस्त्यावर तो ताण सगळा गिअर आणि जॉइंटवर बसतो. पांदण मातीचीच, त्यामुळे मला हे वरदान ठरलं. १०४-१०५वर आकडा थांबू लागला. आणि हे सगळं एक रुपया न घालता. ऑटोमॅटिक पिकअपमध्ये लो रेंजचं बटन असून ते कधी न दाबलेले कितीतरी जण मला माहीत आहेत.

तेल बदलायचंच होतं. शोरूमच्या लोकांचं ठरलेलं वाक्य, हे लाइफटाइम आहे. पण मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यावरच्या आणि ओझं ओढणाऱ्या गाड्यांसाठी देखभालीचा वेगळा तक्ता असतो, तो कोणी उघडत नाही. माझं तेल लालऐवजी चहाच्या रंगाचं निघालं आणि वास करपलेला. पॅन खोलून लोहचुंबकं पाहिली, त्यांच्यावर राखाडी चिखल होता. तो चालतो, क्लच प्लेटांची आणि गिअरांची साधी झीज असते ती. चकाकणारे तुकडे दिसले असते तर गोष्ट वेगळी झाली असती आणि कुलरचा विषयच संपला असता. एका वेळी निम्म्याहून कमी तेल खाली येतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून थोडं चालवून पुन्हा काढायचं, पुन्हा भरायचं, रंग स्वच्छ दिसेपर्यंत. मशीन लावून जोरानं फ्लश करायला मिस्त्रीनं नाही म्हटलं आणि मला ते पटलं.

लेव्हल बघणं हा विदर्भातल्या उन्हाळ्यात एक वेगळाच प्रकार आहे. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नसते. बाजूच्या बोल्टातून तेल भरायचं, इंजिन चालू ठेवून सगळ्या गिअरवरून दांडी फिरवायची, आणि तेल चाळीस डिग्रीच्या आसपास असताना खालचा बोल्ट उघडायचा. जास्तीचं वाहून जातं, धार बारीक होऊन थेंब-थेंब पडायला लागले की बोल्ट लावायचा. आता मे महिन्यात दुपारी शेडमध्ये नुसती उभी असलेली गाडीच त्या तापमानाच्या वर असते. तापलेलं तेल फुगलेलं असतं, त्यामुळे जास्त वाहून जातं आणि गार झाल्यावर आत तेल कमी पडतं. कमी तेल म्हणजे पंप हवा ओढणार, फेस होणार, आणि फेसाळलेलं तेल ना दाब धरतं ना उष्णता नेतं. म्हणून मिस्त्रीनं गाडी आदल्या रात्री गॅरेजात ठेवून घेतली आणि पहाटे सहाला लेव्हल लावली. जो दुपारी दोन वाजता "होऊन जाते नं भाऊ" म्हणतो, त्याच्या हातात ऑटोमॅटिक देऊ नये.

मग कुलर. कंपनीनं दिलेली सोय रेडिएटरच्या टाकीतच असते. तिच्यातून गिअरबॉक्सचं तेल जातं आणि भोवती इंजिनाचं पाणी. पाणीच नव्वदीला असेल तर तेल त्याच्या खाली कसं येणार? काही जण ही सोय पूर्ण बाजूला काढतात, कारण ती आतून फुटली तर पाणी आणि तेल मिसळतं, गुलाबी लस्सी होते आणि गिअरबॉक्स बाद. भीती खरी आहे. तरी मी ती ठेवली, दोन कारणांनी. सावकाश चालताना पाण्याची सोयच जास्त भरवशाची, कारण तिला गाडीच्या वेगाची गरज नाही. आणि डिसेंबरात सकाळी आमच्याकडे चांगलाच गारठा असतो, तेव्हा हीच सोय थंड तेलाला लवकर ऊब देते. म्हणून नवा कुलर तिच्यानंतर, गिअरबॉक्सकडे परत जाणाऱ्या नळीत टाकला. आधी पाण्यानं जेवढं उतरतं तेवढं उतरवायचं, उरलेलं हवेनं.

वाकड्या नळीवर पत्र्या लावलेला स्वस्त प्रकार मिळतो, आणि थर एकावर एक रचलेला प्लेटवाला मिळतो. प्लेटवाला महाग, पण तेवढ्याच जागेत जास्त उष्णता टाकतो आणि तेलाला अडथळा कमी करतो. तोच घेतला. बसवताना प्लास्टिकच्या काड्या कंडेन्सरच्या पत्र्यांतून आरपार घालून आवळायची एक पद्धत आहे, ती आमच्या पांदणीसाठी नाही. धक्क्यांनी घासून कंडेन्सरला भोक पडायला वेळ लागत नाही आणि मग एसीचा गॅस जातो. गावच्याच वेल्डरनं पट्टीचे ब्रॅकेट करून दिले, खाली रबरी वॉशर. पाइपाच्या बाबतीत मात्र दुकानात भांडावं लागलं. दुकानदार डिझेलचा पाइप पुढं करत होता, "सब चलता है" म्हणत. गिअरबॉक्सच्या गरम तेलाचा पाइप वेगळा येतो, त्याच्यावर एसएई जे १५३२ असं छापलेलं असतं. मी पाइप उजेडात धरून ते अक्षर वाचल्याशिवाय पैसे दिले नाहीत.

कुलर लावून आधी अमरावतीहून मोर्शीमार्गे घरी आलो. झकास! ऐंशीच्या वेगात तेल ७८-८०वर. दुसऱ्या दिवशी ट्रॉली जोडून पांदण चढलो, तर जेमतेम तीन-चार डिग्रीचा फरक. घरातल्या कुलरच्या ताट्या ओल्या करायच्या आणि पंखा बंद ठेवायचा, तर खोली जेवढी गार होईल तेवढाच. दहा-पंधराच्या वेगाला समोरून वारा येतच नाही. जी काय हवा फिरते ती इंजिनाचा पंखा ओढेल तेवढी, आणि तीही तापलेल्या मातीवरून आलेली. कुलरच्या खोक्यावर जे आकडे छापतात ते वारा मिळाला तर, ही गोष्ट खोक्यावर छापत नाहीत.

म्हणून कुलरला स्वतःचा बारा व्होल्टचा दहा इंची पंखा लावला. रिले, वेगळा फ्यूज, आणि तेलाच्या नळीत ऐंशीच्या आसपास चालू होणारा थर्मल स्विच. चावी बंद केली की पंखाही बंद, नाहीतर बागेत बॅटरी उतरायची. पंखा कुलरच्या पुढं, हवा आत ढकलणारा. वायरिंग करणाऱ्या पोरानं दोन वायरी उलट जोडल्या आणि पंखा जोरात फिरायला लागला, सगळे खूश. मिस्त्रीनं वर्तमानपत्राचा कपटा पंख्यासमोर धरला, तो उडून त्याच्या तोंडावर आला. हवा पुढून आत जाण्याऐवजी आतून बाहेर फेकली जात होती, म्हणजे गाडी चालताना समोरच्या वाऱ्याशी कुस्ती. वायरी अदलाबदल केल्या, कपटा जाळीला चिकटून बसला.

पंख्यानंतर, लो रेंजमध्ये, भरली टाकी घेऊन त्याच चढाला आकडा ९३-९४वर थांबला. नवतपा तेव्हा सुरूच होता.

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या नाहीत. एक म्हणजे मोठा, पंख असलेला ॲल्युमिनियमचा तेलपॅन. त्यात दोन-तीन लिटर तेल जास्त बसतं, तापायला वेळ लागतो. पण तापायला वेळ लागणं म्हणजे थंड होणं नव्हे. वीस मिनिटांच्या चढात ते तेलही तापणारच, शेवटचा आकडा फारसा हलत नाही. शिवाय तो खाली लोंबतो. आमच्या पांदणीत मधला उंचवटा आणि त्यात रुतलेले दगड, पोलादी पॅन वाकतो पण ॲल्युमिनियमचा तडकतो. दुसरी गोष्ट लॉक-अप किट. ऑस्ट्रेलियात ट्रेलर ओढणारे लोक वापरतात, एका बटनानं लॉक-अप हवा तेव्हा लावता येतो. हमरस्त्यावरच्या लांब चढाला ते कामाचं असेल. पण कमी फेऱ्यांवर, टनभर ओझं मागं असताना तो छोटासा क्लच जबरदस्तीनं अडकवला तर झीज त्याची होणार. जिथं कंपनीनं तो उघडा ठेवलाय तिथं तिला काहीतरी ठाऊक असेलच. ज्यांची गाडी वॉरंटीत आहे त्यांनी तर असं काही करायच्या आधी लेखी विचारलेलं बरं. साध्या कुलरवरूनही वाद होऊ शकतात.

पावसाळ्यानंतर परतवाड्याहून चिखलदऱ्याला गेलो, घरचे चौघं आणि ट्रॉली नाही. वळणावळणाचा घाट, पण वेग तीस-चाळीसचा असल्यामुळे तेल नव्वदीच्या वर गेलं नाही. गिअर सतत वर-खाली होत होते म्हणून मॅन्युअल मोडमध्ये तिसऱ्यावर धरला, तेवढ्यानं दोन-तीन डिग्री आणखी उतरले.

आता देखभाल म्हणजे मळणी संपली की जाळी धुणं, क्लॅम्पच्या तोंडाशी ओल दिसते का बघणं, आणि पंख्याच्या रिलेत माती शिरत नाही ना ते पाहणं. पहिला रिले बंपरमागं होता, तो पहिल्याच पावसात गेला. आता बॅटरीशेजारी वर आहे.

शेजारच्या गावच्या एका पोरानं ऑटोमॅटिक एसयूव्ही घेतली आहे, तीही डिझेलच. परवा तो घरी आला. "काका, मायी बी तापून रायली असंन. कुलर कुठून आनला तुमी?" त्याला म्हटलं, तुझी तापते हे तुला कोणी सांगितलं? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझा स्कॅनर त्याला आठ दिवसांसाठी दिला आहे.